मेकॅनिकच्या हापशाचं पाणी

अण्णा,

परवा तुमच्या हापशाचा दांडा काढला. काढा म्हणून सांगणारी मीच होते आणि काढून होईपर्यंत तिथून हललेही नाही. तालुक्यातले किती हापसे तुम्ही उघडले आणि जोडले ते तुम्हालाही सांगता आलं नसतं, पण 'मेकॅनिकचा हापसा' म्हणून लोक एकच ओळखतात, शिरूर कासारच्या पलीकडच्या त्या वस्तीवरचा. आता त्याला लाल रंग दिलाय, म्हणजे पाणी पिऊ नका. त्या पाण्यात फ्लोराईड आहे, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. लहान पोरांनी ते वर्षानुवर्षं प्यायलं तर दात डागाळतात, तसंच पीत राहिलं तर पुढे हाडं धरतात. आणि हे मला परवा कळलेलं नाही. आठ वर्षांपूर्वी कळलं होतं, तुम्ही होता तेव्हा. एवढं लिहायला मला सकाळपासून तीनदा उठावं लागलं. एकदा गॅस बंद आहे का बघून आले, एकदा दोरीवरचे वाळलेले कपडे काढून आणले, एकदा उगीचच दारापर्यंत जाऊन आले. रविवार आहे, घरात कोणी नाही, आणि तरी बसवत नाही.

तो बोअर घेतला तेव्हा मी अंबाजोगाईला कॉलेजात होते, सुट्टीला आले होते म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. वस्तीवर आधीचे तीन बोअर कोरडे गेलेले. चौथ्यालाही नुसता फुफाटाच निघत होता. बोअरच्या गाडीवाला वैतागून म्हणाला, "इथं काय न्हाई बे मेकॅनिक, मी गाडी काढतो." तुम्ही जाऊन गाडीच्या पुढे उभे राहिलात. "अजून चार रॉड टाक. पाणी खाली हाय." डोक्यापासून पायापर्यंत तुम्ही पांढरे झाला होता, गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखे. चार रॉड गेले, मग चिखल आला, मग पाणी. हापसा बसवून झाल्यावर तुम्ही नेहमीप्रमाणे पहिली ओंजळ स्वतः प्यायलात. तो तुमचा नेमच होता, जोडलेल्या हापशाचं पाणी आधी मेकॅनिकनं प्यायचं आणि मग लोकांनी. "गोड हाय," तुम्ही म्हणालात, आणि बायकांनी घागरी लावल्या.

फ्लोराईडला चव नसते, अण्णा. वासही नसतो. वरचं पाणी आटत गेलं म्हणून सगळा जिल्हा खाली खाली जात राहिला, आणि खालचं पाणी दगडात फार काळ पडून असतं, दगडातलं जे विरघळेल ते पोटात घेऊन बसतं. जिभेला ते गोडच लागतं. तुमची यात चूक कुठे आहे ती मी पुष्कळ शोधली. सापडली असती तर मला बरं वाटलं असतं, हेही आता लिहून टाकते. तुमच्यापाशी जीभ होती. पाणी तपासायचं यंत्र माझ्यापाशी होतं.

त्याच सुट्टीत तुम्ही मला आणखी एका गावाला दुरुस्तीला नेलं होतं. चार माणसं पाईप बोअरमध्ये सोडत होती आणि मोजायचं काम माझ्याकडे होतं. माझं लक्ष कुठे होतं कोण जाणे. शेवटी तुम्ही विचारलंत, किती? मी ठोकून दिलं, अकरा. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. "मोजले का नुस्तं सांगितलं?" माझी मान खाली गेली. तुम्ही त्या घामाघूम झालेल्या माणसांना सगळे पाईप पुन्हा वर काढायला लावले. भर उन्हात ती माणसं मला काय काय म्हणाली असतील. पाईप अकराच निघाले. मी तोऱ्यात तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही म्हणालात, "निघाले म्हून तुझं खरं झालं का? न्हाई मोजलं तर न्हाई मोजलं म्हण, माय." परत येताना एसटीत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही मात्र तिकिटाच्या मागे पेन्सिलीनं त्या पाईपांचा हिशोब लिहीत बसला होता.

पुढे मला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि आठ वर्षांपूर्वी तुम्ही निवृत्त झालात. ऊसतोडीला गेलेली माणसं पाडव्याच्या सुमाराला वस्तीवर परत आली, तेव्हा त्यांनी तुमचा सत्कार ठरवला. तुम्ही हुरळून गेला होता, नाही म्हणू नका. "कार्यक्रमात सांगू," तुम्ही मला म्हणालात, "की पाणी माझ्या पोरीनं लॅबमधी तपासलंय." मी प्रयोगशाळेतली प्लास्टिकची पांढरी बाटली घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी तुम्हाला नमुना घ्यायला शिकवलं. आधी पाच मिनिटं हापसायचं, पाईपातलं शिळं पाणी जाऊ द्यायचं. मग त्याच पाण्यानं बाटली तीनदा खंगाळायची, काठोकाठ भरायची, झाकण घट्ट लावायचं. तुम्ही नळाखाली दोनदा तालीम केलीत. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "जन्मात माझं एक भांडं इसळलं न्हाई, आता बघा की!" तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतके बाटलीत गुंतला होता. दुसऱ्या दिवशी वस्तीवर भरलेली ती बाटली मांडीवर घेऊन एसटीनं तुम्ही माझ्याकडे प्रयोगशाळेत आलात. वर चिठ्ठी चिकटवली होती, तारीख, वेळ, वस्तीचं नाव, आणि खाली तुमची सही, जिची काही गरज नव्हती.

आमच्या त्या चाचणीत पाण्यात एक लाल द्रव घालतात. पाण्यात फ्लोराईड जितकं जास्त, तितका तो रंग उडतो. तुमच्या पाण्यात तो पार फिका पडला. मला वाटलं माझाच हात चुकला, पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा यंत्राची काच पुसून केलं. सत्कार तीन दिवसांवर आला होता. मी नोंदवहीत तुमच्या नमुन्यापुढे लिहिलं, 'बाटली अस्वच्छ, नमुना रद्द.' आणि तुम्हाला फोन केला.

"कावून गं? तीन बार खंगाळली की मी."

"राहिलं असेल काहीतरी, अण्णा. होतं असं. दुसरी आणा सावकाश."

मग तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं आसंल. हात थरथरतेत आता."

अण्णा, तुमचं काही चुकलं नव्हतं. मी पाहिलेल्या नमुन्यांत तितकी स्वच्छ बाटली दुसरी नाही. तुम्ही ते वाक्य उराशी धरून गेलात, आणि मी ते तसंच जाऊ दिलं. त्याच वर्षी श्रावणात, दवाखान्यात, जायच्या आदल्या दिवशीही तुम्ही म्हणालात, "ती दुसरी बाटली ऱ्हायली गं माय." मी तुमचे पाय चेपत होते. तेव्हा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तुम्ही लुंगीवर उठून वस्तीवर गेला असता, दुसरं काय. त्याचीच मला भीती होती बहुतेक.

सत्काराचा दिवस तर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्हाला फेटा बांधलाय, शाल घातलीय, नारळ दिलाय. तुम्ही माइकवर दोन वाक्यं बोलता आणि अडता. कोपऱ्यातली तरणी पोरं हसतायत, त्यांचे दात तपकिरी आहेत. सगळे म्हणायचे गुटख्याचे डाग, मीही मनाशी तेच म्हणते, आणि म्हणताना मला कळत असतं की हे खोटं आहे. एक बाळंतीण आम्हाला चहा आणून देते. तिची मुलगी लिंबाला बांधलेल्या झोळीत झोपलीय. चहा त्याच हापशाच्या पाण्याचा. मी एक कप घेते, आग्रह झाला म्हणून दुसराही घेते. निघताना तुम्ही अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "पाणी तपासणारी ही हाय. शाल हिची."

तुम्ही गेल्यावर मी म्हटलं, दिवस होऊ देत. मग म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. नंतर काहीच म्हणणं सोडून दिलं. ज्या स्रोतांचे नमुने तपासायचे त्यांची यादी दरवर्षी माझ्याच टेबलावरून जायची. वस्तीवरचा हापसा त्या यादीतून कधीतरी सुटून गेला होता, मी तो घातला नाही. मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते बरं का. माजलगावकडच्या उसाच्या पट्ट्यात विहिरीत खतं उतरतात म्हणून एका बागायतदाराशी त्याच्या ओसरीवर बसून भांडले. दोन शाळांचे बोअर बंद केले. लोकांना बजावलं की पाणी नुसतं नितळ दिसलं म्हणून पिऊ नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरी येऊन जेवायचे आणि झोपही लागायची, अण्णा. झोप उडाली होती वगैरे लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल.

या उन्हाळ्यात सगळ्या स्रोतांची यादी नव्यानं झाली आणि वस्तीचा नमुना आपोआप आला. तपासला आमच्या नव्या केमिस्टनं, चुणचुणीत पोरगी आहे. ती परीक्षानळी हातात घेऊन आली, "मॅडम, रंग बघा ना, उरलाच नाही." मी म्हटलं, पुन्हा कर. तिनं आधीच तीनदा केलं होतं. म्हणजे यात माझी सचोटी वगैरे काही नाही. झाकायला जागाच उरली नव्हती, म्हणून मी अहवालावर सही केली.

परवा वस्तीवर शाळेच्या ओट्यावर सगळे जमले. ओढ्याकाठी एक जुनी विहीर आहे, तिचं पाणी पिण्याजोगं आहे. ते टिकावं म्हणून विहिरीलगतचे उकिरडे हलवायचे आणि शेजारी नवा बोअर कोणी घ्यायचा नाही, एवढं ठरलं. विहीर लांब आहे, बायका कुरकुरल्या, पण ऐकलं. मग सत्काराला चहा देणारी ती बाई उठली. झोळीतली मुलगी आता आठ वर्षांची आहे. आईनं तिला पुढे ओढलं आणि म्हणाली, दाव. मुलीनं ओठ उघडले आणि लगेच हातानं झाकले. पुढचे दोन्ही दात नवे आलेत, अण्णा. आलेत तेच तपकिरी.

"राखेनं घासले, मिठानं घासले," बाई म्हणाली. "रगत काढलं हिच्या हिरड्यातून. माती खातीस म्हून लई मारलं हिला मी. खात नव्हती की ही. ताई, तुमाला कवा कळलं ह्या पाण्याचं?"

मी म्हटलं, "या उन्हाळ्यात."

किती सहज म्हटलं. एक म्हातारा मागून बोलला, "मेकॅनिकला ठाव असतं तर त्यानं त्याच दिशी दांडा काढला असता." सगळ्यांनी माना हलवल्या. आणि ती बाई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुमी तरी आलात, ताई. न्हाईतर कोण येतंय आमच्याकडं."

कालपासून हे कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नव्हतं, म्हणून आज कागद घेतला आणि हात आपोआप 'अण्णा' लिहून बसला. तुम्हालाच का, ते आता कळतंय. तुम्ही मला माफ कराल, काही न विचारता, फोनवर केलंत तसं स्वतःचीच चूक म्हणून. तुम्हाला लिहायला हिंमत लागत नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, कपाटात राहील. त्या बाईचं घर मला माहीत आहे, हापशापासून तिसरं, दारात शेवगा आहे. दसऱ्यानंतर ती कोयता घेऊन ऊसतोडीला जाईल, तोवर रोज तिथेच आहे. तिच्या वस्तीला जायला सकाळी एक एसटी असते आणि दुपारी एक. दुपारची आत्ताच गेली, मला इथून तिचा आवाज आला, आणि मी लिहीतच राहिले.