डब्यांवरची प्रार्थना

शिरूर, मिशन कंपाउंड
गुरुवार, सकाळ

आदरणीय डॅनीदादा यांना प्रभुदासचा प्रभूच्या नावात सलाम. वहिनींनाही सलाम सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा थंडीत उठतो, तेव्हा त्यांना पहाटेचं अंगणात जाऊ देऊ नका. दारातल्या पेरूला यंदा बहर चांगला असेल. इकडे आम्ही सर्व (‘आम्ही सर्व’ म्हणजे सध्या मी आणि मांजर) प्रभूच्या कृपेनं बरे आहोत.

तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी पत्नी मार्था, सोमवारच्या दौंड एसटीनं तुमच्याकडे सुखरूप पोचली असेलच. तिनं तिची बाजू सांगितलीही असेल. ती फार थोडक्यात सांगते, हा तिचा मोठा दोष आहे. थोडक्यात सांगितलं की ऐकणाऱ्याला समोरचा माणूसच गुन्हेगार वाटतो. निघताना पिशवी उचलून मला म्हणाली, “तुम्हाला जे काय म्हणायचंय ते एका वाक्यात म्हणता आलं, की न्यायला या. तोवर येऊ नका.” आता दादा, तुम्हीच सांगा, जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला, वर मंडळीचा वडील म्हणून रविवारी चर्चमध्ये उभा राहणारा माणूस एका वाक्यात काय बोलणार? एका वाक्यात मी कधी पाणीसुद्धा मागितलेलं नाही. म्हणून हे पत्र. मुद्द्यावर येतोच, पण आधी पार्श्वभूमी समजून घ्या.

डब्यांचा धंदा मी काढला नाही, तिनंच काढला, आणि तोही धंदा म्हणून नव्हे. आमच्या मागच्या खोलीत नवनाथ नावाचा भाडेकरू आहे, पाथर्डीकडचा, रांजणगावच्या एका कंपनीत ट्रेनी ऑपरेटर. हा पोरगा फर्स्ट शिफ्टला जाताना स्टँडवरून वडापाव घ्यायचा, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत तोच गारढोण वडापाव चावत बसायचा. हे मार्थाला कळलं, आणि तिचा जीव कळवळला. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला भाकरी, भरलं वांगं आणि लसणाची चटणी बांधून दिली. त्यानं तिकडे झाकण उघडलं आणि वास मशीनांच्या सगळ्या लाइनीत फिरला. आठवडा झाला नाही तोच आमच्या ओट्यावर पोरं हजर. एक यवतचा, एक बीडचा, दोघे थेट बिहारचे. (या दोघांनी भाकरी बघून आधी “ये क्या है चाची” विचारलं होतं, आता दोन जास्त मागतात.) तिच्या हाताला चव आहे हे मला लग्नापासून माहीत होतं, पण मी ते तिला कधी बोललो नव्हतो. बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवू नयेत आणि फार डोक्यावरही घेऊ नये, असं तुमच्या वडिलांनीच मला लग्नात सांगितलं होतं. आता ते पोरं रोज सांगू लागली, आणि मार्था या वयात उपासना-संगीतातली गीतं गुणगुणत कणीक मळू लागली. खरं सांगतो, ते ऐकायला बरं वाटायचं.

घरात एक निवृत्त शिक्षक रिकामा बसलेला असताना व्यवस्थापन दुसऱ्या कोणाकडे जाणार? मी पाटी रंगवून घेतली. (‘मार्था भोजन सेवा’ ही अक्षरं बारीक आणि ‘व्यवस्थापक: प्रभुदास साळवे गुरुजी’ ही ठसठशीत आली, त्यात माझा हात नाही. पेंटर माझा विद्यार्थी आहे.) मग व्यवस्थापकानं करण्यासारखं काय उरलं ते पाहू लागलो, तर काहीच नाही. भाजी ती आणणार, चूल ती बघणार, डबे ती भरणार. कंपनीची गाडी स्टँडवर पोरं भरून सव्वासहाला आपल्या फाटकासमोरून जाते, ड्रायव्हर हौसराव भला माणूस, तो मिनिटभर थांबतो, वायरच्या पिशव्या बॉनेटजवळ ठेवल्या की झालं. नवनाथसुद्धा खिडकीची जागा धरायला आधीच स्टँडवर जातो. माझ्यावाचून सगळं सुरळीत चाललेलं पाहून मला काळजी वाटू लागली. आणि तेव्हाच एक गोष्ट ध्यानात आली: आपल्या घरात आशीर्वाद मागितल्याशिवाय कोणी घास घेत नाही, आणि इथं रोज पिशव्या भरभरून अन्न घराबाहेर जातंय, त्यावर प्रार्थनेचा एक शब्द नाही! हे काम मी अंगावर घेतलं.

पहिल्या दिवशी प्रार्थना आटोपशीर झाली, हे मार्थाही कबूल करील. पण दादा, अन्नासाठी प्रार्थना करायची आणि खाणाऱ्यासाठी नाही, हे काय बरं दिसतं? मग खाणारे आले. खाणारे आले म्हणजे त्यांची मशीनं आली, मशीनांमागं सुपरवायझर आले, बीडच्या पोराच्या बहिणीचं लग्न ठरत नव्हतं ते आलं, बिहारच्या दोघांना होळीला रिझर्वेशन मिळत नव्हतं ते आलं. (तुम्ही रेल्वेचे निवृत्त गार्ड, म्हणून त्या ओळीत मी तुमचंही नाव घेत असे.) डबे परत द्यायला आलेल्या पोरांना मी हे सांगायचो, त्यांना आवडायचं बरं का. यवतचा तर एकदा म्हणाला, “गुर्जी, आमच्या बोअरला पानी लागंना, तेवढं उद्याच्यात घ्या की.” घेतलं. आता या सगळ्याला वेळ लागणारच. पण मार्था काय करायची, मी जरा श्वास घ्यायला थांबलो की मोठ्यांदा “आमेन!” म्हणायची. मला वाटायचं, मुद्दा पटला म्हणून म्हणते आहे. रविवारी मंडळीत लोक म्हणतात तसं. त्यामुळे मला अधिकच चेव यायचा. शिवाय माझे दोन्ही हात पिशव्यांवर ठेवलेले. ती पाळकाची मुलगी, प्रार्थना चालू असताना हाताखालून डबा ओढून न्यायचं तिच्यानं होईना. तुमच्या घरचे संस्कार, दुसरं काय!

एके दिवशी बाहेर हौसरावनं हॉर्न वाजवला. मी तो परीक्षा समजून दुर्लक्षिला. त्यानं पुन्हा वाजवला, मग खिडकीतून ओरडला, “गुर्जी, देवाला सेकंड शिफ्ट न्हाई व्हय? उरल्यालं तवा करा की!” आणि गेला. डबे ओट्यावर, पोरं रांजणगावला उपाशी. दुसऱ्या दिवशी हौसरावला क्षमा करणं भागच होतं. ती मी मनापासून केली, जरा सविस्तर केली, आणि गाडी पुन्हा गेली. त्या दिवशी मार्था मला शुभवर्तमानातल्या मार्थासारखी वाटली, ती नाही का, प्रभू घरी आले तरी स्वयंपाकघरातच खटपट करत बसली. मी ते तिला बोलूनही दाखवलं. त्यावर ती म्हणाली, “त्या मार्थानं हात चालवले म्हणून तर सगळे जेवले असतील.” याचं उत्तर मी पाळकसाहेबांना विचारणार आहे.

आता सोमवारचं सांगतो. त्या कंपनीचं कँटीन बघणारे साहेबराव म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांचा जुना ठेकेदार सोडून गेला होता. पोरांनी आमच्या डब्याचं नाव त्यांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, की सोमवारी एक डबा माझ्यासाठी येऊ द्या. चव पसंत पडली, तर लाइनीचं दुपारचं जेवण तुमच्याकडेच. दादा, मार्थाचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. लग्नातसुद्धा ती अशी हसली नव्हती (लग्नात तुमचे वडील प्रार्थना करत होते). शनिवारी मटकी भिजत घातली, रविवारी उपासनेनंतर पुरणाचा घाट घातला, नवा चार कप्प्यांचा डबा आणला. आणि मला न सांगता एक शहाणपणा केला: भिंतीवरचं घड्याळ पुढं करून ठेवलं, म्हणजे मी घाईत आवरावं.

मी सकाळी बाहेर आलो, घड्याळ पाहिलं, तर साडेसहा होऊन गेलेले! म्हटलं, गाडी तर गेलीच, आता निदान प्रार्थना तरी शांतपणे होऊ दे. हात डब्यांवर ठेवले, डोळे मिटले. हॉर्न ऐकू आला, पण रस्त्यावर काय एकच गाडी असते? मार्था कानाशी काहीतरी पुटपुटली. मिटल्या डोळ्यांनी उत्तर देण्याची आपल्यात रीत नाही. तिनं तीन वेळा आमेन म्हटलं, शेवटच्या वेळी तर रडवेल्या आवाजात. मला वाटलं, भरून आलं तिला. मी नेमका साहेबरावांच्या मुखात रुची घाल, हे काम मार्थाला मिळू दे, असं मागत होतो. डोळे उघडले तेव्हा ते काम घेऊन गाडी वळणावरून दिसेनाशी झाली होती.

ती ओट्यावर बसली, साहेबरावांचा डबा सोडला, आणि एकेक कप्पा काढून सगळं जेवली. प्रार्थना न करता. दादा, एवढ्या संसारात मी तिला आशीर्वाद मागितल्याशिवाय घास घेताना पाहिलं नव्हतं. मी समोर उभा होतो, हात अजून उरलेल्या डब्यांवरच. मग तिनं डबा धुतला, पालथा घातला आणि पिशवी भरली.

तुम्ही आयुष्यभर हिरवं निशाण दाखवून गाड्या सोडल्यात, तेव्हा तुम्हाला सुटलेल्या गाडीचीच बाजू पटणार, हे मी जाणून आहे. पण कृपा करून असा समज करून घेऊ नका, की तिच्यावाचून इथं काही अडलं आहे. ती अगदी निवांत राहू दे, महिनाभर राहू दे. डबे मी स्वतः करतो आहे. भाजी खारट झाली की पाणी घालतो, पाणी जास्त झालं की मीठ. पोरं गुणी आहेत, डबे रिकामेच परत येतात. (हौसराव म्हणतो, फाट्यावरची कुत्री हल्ली आपल्या गाडीची वाट बघतात. तो माणूस आधीपासूनच थोडा वात्रट आहे.) गाडी मात्र एकदाही चुकलेली नाही, कारण प्रार्थना मी करत नाही. डब्यांवर हात ठेवतो, पण मध्येच थांबवणारं कोणी नसलं की सुरूच होत नाही.

वहिनींना पुन्हा सलाम. गुडघ्याला तीळतेल लावा.

आपला आज्ञाधारक,
प्रभुदास

ता. क. : पत्र नवनाथबरोबर पाठवतो आहे. त्याची आज सुट्टी आहे. तो काही बोलणार नाही, पण त्याला आधी जेवायला घाला. तीन दिवस माझ्या हातचं खातोय.

ता. क. २ : सांगायचं राहिलंच. काल साहेबराव स्वतः मोटरसायकलवरून घरी आले. डबा का आला नाही, हे हौसरावनं त्यांना तिखटमीठ लावून सांगितलं होतं. ते खूप हसले, आणि म्हणाले, शनिवारपर्यंत वाट बघतो. म्हणजे मार्थाला उद्याच निघायला हवं. पण हे तिला लगेच सांगू नका. आधी खालचं वाक्य वाचून दाखवा. ते ऐकून ती उठली, तर साहेबरावांचं मागाहून सांगा. नाहीच उठली, तर मात्र ताबडतोब साहेबरावांचं सांगा.

ता. क. ३ : वाक्य हे. आधी दीड पान झालं होतं, रात्रभर कापत आणलं आहे.
मार्था, तुझ्यावाचून घर खायला उठतं, ये.
याच्यापुढं आमेन लिहिलेलं नाही. ते तिनं इथं येऊन, तिला पाहिजे तिथं म्हणावं. मी थांबेन.