बाबांची गाणी कोण नेतंय

प्रिय मोआनी,

माझं पत्र बघून दचकू नकोस, बाबा धडधाकट आहेत. अळूच्या कंदांची पोई दोन वाट्या खातात आणि मासळीत मीठ कमी पडलं की माझा उद्धारही करतात. पण गेले चार महिने माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता, तो तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फुकुनागांची डोरीन आठवते? लहानपणी आठ वर्षं बाबांच्या पायाशी बसून युकुलेले शिकली आणि मग होनोलुलूच्या हॉटेलांत वाजवायला गेली, ती. मार्चमध्ये ती आपल्या मोलोकाई बेटावर परत आली आणि तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी आपल्याकडे हजर. हातात केळ्याचा केक, पिशवीत जाडजूड वही. बाबा दार लावून घेतात. आपल्या घरात दार कधी लागलं होतं गं? मी कॉफी घेऊन गेले की दोघं गप्प. मला पहिल्याच दिवशी वास आला. शिकलेली गाणी संपली असतील, आता ही बया आजीची उरलीसुरली गाणी लिहून नेणार आणि हॉटेलातल्या पाहुण्यांच्या जेवणावळीत वाजवणार. शेजारच्या किमोकाकांनी त्यात तेल ओतलं. म्हणाले, पोरगी उगीच केक भाजत नाही. लाज सोडून सांगते, मी तिची पिशवी उचकली. वहीत आपल्या घरची गाणी होती, ओळीन् ओळ. माझं पित्तच खवळलं.

गेल्या मंगळवारी मी वाळत घातलेल्या चादरींआड, खिडकीखाली जाऊन उभी राहिले. आधी डोरीन गायची, मग बाबा. ती एक ओळ म्हणायची, तेवढीच ते म्हणायचे, शाळकरी पोरासारखे अडखळत. मला कळेना, शिकवतंय कोण आणि शिकतंय कोण. मग ती हळूच म्हणाली, "घाबरू नका काका, मागच्या वेळी याहून जास्त विसरला होतात."

ती निघाली तेव्हा मी तिला फाटकाशी अडवलं, तेव्हा कुठे तिनं खरं सांगितलं. बाबांनीच तिला बोलावून घेतलं होतं. गाणी निसटायला लागली हे त्यांना आपल्याआधी कळलं, आणि मला सांगायचं नाही अशी शपथ त्यांनी तिला घातली होती. जिला मी चोर ठरवलं, ती लहानपणी शिकताना लिहिलेल्या वहीतून त्यांचंच त्यांना परत देत होती. मी तिची माफी मागितली. तिनं मला रडू दिलं आणि मग केक कापला.

पण आपल्या जन्माच्या वेळी बाबांनी आपल्या दोघींच्या नावानं रचलेली गाणी त्या वहीत नाहीत. ती बाहेरच्यांना शिकवत नाहीत. माझं मी त्यांना म्हणून दाखवलं, दोन दिवसांत बसलं. तुझ्या गाण्याची चाल बोटांत आहे, शब्द गेलेत. काल दुपारभर तीच चाल वाजवत बसले आणि मला विचारलं, "धाकटीचं काय होतं गं?" मला येत नाही, मोआनी. ते तुझं गाणं गायला लागले की मी हेव्यानं उठून बाहेर जायची. आता ते फक्त तुला येतं. तुझ्या लग्नावरून भांडण झालं, तू लास व्हेगास गाठलंस, सहा वर्षं त्यांच्याशी बोलली नाहीस. तुझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. फोनवर गाऊ नकोस, त्यांना गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. रागातच ये, पण ते अजून विचारतायत तोवर ये.

तुझीच,
हाउनानीताई