जॅक आता मागच्या दारावर

अरे,

टपावर जॅक दिसला नाही म्हणून घर डोक्यावर घेऊ नकोस. काल शेजाऱ्यांना खालून धरायला लावून मीच तो उतरवला आणि जीपच्या मागच्या दारावर, स्टेपनीच्या बाजूला बसवला. एवढा लांब, जड जॅक टपावरून काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर चढून नट सोडायचे, दुसऱ्याने खालून धरायचा, म्हणजे मी. या वेळी तू डोंगरावर एकटाच निघालायस, आणि चिखलात रुतलास तरी कोणाला हाक मारणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आता पाना लागत नाही. हाताने फिरवायचे दोन नट सोडले की जॅक कमरेच्या उंचीवर हातात येतो. पहिल्यांदा बसवला तेव्हा त्याच्याआड मागचा लाल दिवा झाकला जात होता, म्हणून थोडा वर सरकवला. दांडा खडखडत होता, त्याला जुन्या ट्यूबची पट्टी आवळली आहे. जॅकखाली ठेवायची फळी सीटमागे आहे, ती घेतल्याशिवाय गाडी उचलू नकोस. आणि उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नकोस. एवढं माझं ऐकलंस तर काही कमीपणा येणार नाही.

आईंना गोळ्या दिल्यात. मी ड्युटीवर जातेय. परवाच्या भांडणाचा विषय तू आल्यावर काढू, नाहीतर नकोच काढायला.

जॅक अडकवायचे टपावरचे क्लॅम्प मात्र मी काढलेले नाहीत, पुन्हा दोघं निघालो तर लागतील. गंजू नयेत म्हणून तेल घालून ठेवलेत.