खोड्याचा बोल्ट

अण्णा, बोल्ट बसला.

कुठला म्हणून विचारू नका. तुमच्या फटफटीच्या इंजिनाला पुढून धरणारा, माझ्या वितीएवढा लांब, तोच. आज सकाळी तो असा सरळ आत गेला की जणू तीन दिवस मीच त्याला अडवून धरलं होतं. मी अंगणात एवढ्यांदा ओरडले की शेजारच्या काकू पिठाच्या हातानं कुंपणापाशी आल्या, म्हणाल्या, "साप निघाला का गं?" बोल्ट बसला म्हटल्यावर त्यांनी जी नजर टाकली ती तुमच्या ओळखीची आहे. तुम्ही गाडीशी बोलत बसायचात तेव्हा त्या अशाच बघायच्या. दोनदा राखेनं घासले तरी माझे हात अजून काळे आहेत आणि या कागदाला बोटं उमटतायत. उमटू देत. तुमच्या सगळ्या वह्या अशाच होत्या.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढी वर्षं गाडी ओसरीच्या कडेला ताडपत्रीखाली उभी होती. आईच्या कोंबडीनं सीटवर दोनदा पिल्लं काढली, म्हणजे ती अगदीच निरुपयोगी होती असं कुणी म्हणू नये. पण या दिवाळीत आईनं निर्वाणीचं सांगितलं. "रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. त्याच्या आदी चालू झाली तर मी तिच्यावर बसून खंडोबाला जाईन. न्हाय झाली तर त्यो घिऊन जाईल. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं, आणखी किती दिवस झाकत बसू तिला?" आईचा शब्द तुम्हाला माहीत आहे. तिच्यापुढं अपील नसतं. मी धाराशिवला गेली अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवते. सुट्टीचा अर्ज टाकला, कारण लिहिलं 'कौटुंबिक', आणि अणदूरला येऊन ताडपत्री काढली. संस्कृतच्या बाई फटफटी जोडतायत ही बातमी गावात पसरायला एक तास लागला. माझ्या तासाला इतकी माणसं कधी जमली नाहीत.

इंजिन नळदुर्गच्या मिस्त्रींनी आतून नीट करून दिलं. सांगाड्यात मात्र मीच बसवीन म्हणून मी हट्ट धरला. ते म्हणाले, "बसवा की बाई. लागलं तर बोलवा." त्यांनी हसू मिशीत ठेवलं, ते मी पाहिलं. टाकी झाली, चेन झाली, वायरी झाल्या. मागचे दोन बोल्ट मी मोठ्या उत्साहानं आवळले आणि पुढचा लांब बोल्ट घातला, तर तो दोन बोटं आत गेला आणि थांबला. शुक्रवारी थांबला, शनिवारी थांबला. तेल घातलं, फिरवला, चुचकारला, शेवटी दोन सुभाषितंही ऐकवली. तो देववाणीला बधणारा नव्हता.

आज सकाळी भंगारवाला आला तेव्हा मी जमिनीवर आडवी होते. तराजू भिंतीला टेकवून तो तिथंच उकिडवा बसला. "बाई, उगं जीव कशाला काढता? मी बोल्टासकट नेतो."

"तुला अकराला बोलावलंय, अजून वाजले न्हाईत," आई ओसरीवरून म्हणाली. "तवर तू च्या पी."

चहा पिता पिता त्याला माझी दया आली असावी. त्यानं त्याच्या पोत्यात हात घालून बराच वेळ खडखडाट केला आणि एक बोल्ट काढला. "ह्यो घ्या. ह्या गाडीचा असली." तो खरंच आत गेला, पण मोठ्या भावाची चप्पल घातल्यासारखा भोकात डुगडुगायला लागला. त्यानं वाकून भोकात बोट फिरवलं. "हे कुणीतरी कानशीनं वाढवलंय. असली बोल्ट हितं आता कधी बसायचा न्हाय." मग माझा अडेलतट्टू बोल्ट त्यानं हातात घेतला, नखानं डोक्यावरचं ग्रीस खरवडलं आणि मला दाखवलं. खाली हिरवा रंग होता. कुठल्याच गाडीच्या बोल्टाला नसतो तसला, जाड ब्रशानं फासलेला सरकारी हिरवा.

अण्णा, तो रंग मी कुठंही ओळखीन. माकणीच्या जनावरांच्या दवाखान्यातला खोडा! जनावर हलू नये म्हणून ज्यात उभं करून बांधायचे तो लोखंडी सांगाडा. तुम्ही तिथं ड्रेसर होतात आणि मी सुट्टीत टाकीवर बसून तुमच्याबरोबर यायची. त्या खोड्याचा एक कोपरा कित्येक वर्षं तारेनं बांधलेला होता. डॉक्टरसाहेबांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्यासमोर सांगितलंत, "म्हशीनं लाथ मारली साहेब, बोल्ट उडाला." मी त्या बिचाऱ्या म्हशीबद्दल चाळीस वर्षं वाईट मत बाळगून आहे. आम्हाला शेजारच्या शेतातली शेंग तोडू न देणारा माणूस सरकारी खोड्याचा बोल्ट काढून गाडीला लावतो, वर भोक कानशीनं वाढवतो, वर म्हशीवर आळ घेतो! मी हे मोठ्यानं म्हणाले. भंगारवाला खूश झाला. आई मात्र शांतपणे म्हणाली, "मला ठावं हाय. तार मीच दिली. माझी धुणं वाळवायची तार हुती ती." मग जराशानं म्हणाली, "नवी आणतो म्हणले. अजून आणतेत."

मला ती दुपार आठवते. तुम्ही मला आठवायला लावताय असंच वाटतंय. दवाखान्याच्या लिंबाखाली गोणपाट अंथरलेलं आहे, रॉकेलचा वास आहे, आणि इंजिनाचे सुटे भाग आईच्या परातीत धुवायला पडलेत. त्या परातीवरून घरी पुढं दोन दिवस जे झालं ते असो. मी बारा वर्षांची आहे. तुम्ही सांगताय, "समदे बोल्ट आदी बोटानं घ्यायचे. एकालाबी पाना लावायचा न्हाय. एक आवळला की बाकीचे रुसत्यात. समदे जाग्यावर आले की मग आवळायचं." तेवढ्यात एक म्हैस येते आणि तुम्ही हात पुसत खोड्याकडं जाता. तुम्ही परत येता तेव्हा मागचे दोन बोल्ट घट्ट आहेत आणि पुढचा लांब बोल्ट नाही. "कुठाय?" तुम्ही विचारता. मी म्हणते, "सापडंना." तुम्ही मागच्या दोन बोल्टांना हात लावून बघता. "हे तू आवळलेस?" मी मान हलवते. "एवढी घाई कशाची?" एवढंच बोलता. मग दवाखान्यातली चाळणी आणून लिंबाखालची धूळ चाळायला बसता. मीही तुमच्या शेजारी बसून चाळते. पलीकडच्या वस्तीवर गाय अडलेली आहे, माणूस दोनदा बोलवायला येऊन गेलाय, आणि तुम्ही चाळताय. शेवटी मला म्हणता, "जा, चहा पिऊन ये." मी येईपर्यंत गाडी उभी असते आणि तुम्ही किक मारत असता. बोल्ट सापडला का, हे मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाही.

आणि आज, एक्कावन्नाव्या वर्षी, मी काय केलं होतं? मागचे दोन बोल्ट आधी आवळले होते. वर्गात मी पोरांना ओरडते की वाक्य सगळं वाचा, मग अर्थाला हात घाला. आणि स्वतः तीन दिवस हातोडा शोधत होते. हातोडा उचललासुद्धा होता. आई कडाडली, "ठिव खाली! त्यांचं ऐकलं न्हायस तवाबी!" मग मी निमूटपणं मागचे दोन्ही बोल्ट सैल केले. इंजिन सुस्कारा सोडल्यासारखं हललं. आई ओसरीवरून उतरली, पहार घेतली, तिचं टोक इंजिनाखाली सरकवलं आणि दुसऱ्या टोकावर आपलं सगळं वजन, म्हणजे फार तर एका शेळीएवढं, टाकलं. भंगारवाला तिच्या मदतीला धावला. ज्याला गाडी न्यायची होती तोच! "जरा वर, जरा खाली, हं, आता घाल पोरी!" आई म्हणाली, आणि तुमचा चोरीचा बोल्ट बोटानं, अण्णा, नुसत्या बोटानं, सर्रकन् पलीकडं निघाला.

अकराव्या किकला गाडी बोलली. मोजत मी नव्हते, भंगारवाला मोजत होता. निळा धूर अंगणभर झाला, कोंबड्या छपरावर गेल्या. आईनं नवं लुगडं नेसायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात मी चारदा ब्रेक तपासले. ती एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर नारळ, एक हात माझ्या खांद्यावर. देवळापर्यंत आम्ही चालणाऱ्या माणसाला मागं टाकलं नाही, तरी आई ओरडत होती, "हळू! हळू ग!" आणि मधेच, माझ्या पाठीला तोंड लावून हसत होती. देवळाच्या पायरीशी उतरल्यावर तिनं टाकीवर हात ठेवला, नारळाआधी तिलाच हळदीचं बोट लावलं. भंगारवाला रिकामा तराजू घेऊन मागं चालत आला होता. प्रसाद घेऊन गेला.

मी संस्कृत शिकायला निघाले तेव्हा तुम्ही मला दहा-अकराचा पाना दिला होतात. "तुझ्या त्या श्लोकातलं मला काय कळत न्हाय. हे असू दे संगं." वसतिगृहात सगळ्या हसल्या. मी तो कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवत आले. आज तो पहिल्यांदा कामाला लागला, म्हणजे भेट पोचली असं धरा. पोच मात्र कुठं पाठवू? हा कागद घडी करून सीटखाली पान्यापाशी ठेवणार आहे. पुढं कधी कोंबडीनं पुन्हा तिथं संसार मांडला तर तिच्या उपयोगी पडेल.

खोड्याच्या चोरीवरून तुम्हाला दिवसभर चिडवलं. गावात आणखी दोघांना सांगूनही झालंय. म्हणून आता एवढं लिहितेच. तो असली बोल्ट हरवला नव्हता. मी त्याला दगडानं ठोकलं, त्याचे आटे चेपले, नट चढेना, आणि तुमची पाठ होती तेवढ्यात जनावरांच्या हौदात टाकला. पाणी नितळ होतं अण्णा. तुम्ही चाळणी हलवत होतात, तेव्हा मला तो तळाशी दिसत होता.