अर्नुल्फो सावकाश वर येतो

३ फेब्रुवारी
पोचलो एकदाचा! होडीतून उतरताना पिशवीसकट पाण्यात आडवा झालो. नवा पाणबुड्या गुडघाभर पाण्यात गटांगळ्या खातोय म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या बायका पोट धरधरून हसल्या. सेबू शहरातून मला या बेटावर पर्यटकांना पाण्याखाली फिरवायला पाठवलंय. जोडीदार अर्नुल्फो. राहायचंही त्याच्याच घरी, खांबांवरच्या बांबूच्या घरात. त्याच्या आईला सगळं बेट नानाय म्हणतं, म्हणजे आईच. मला बघताच म्हणाली, "एवढाच का रे तू? वाऱ्याने उडशील की!" आणि दुप्पट भात वाढला.
या घरात पाण्यात गेलेल्याचं ताट पालथं ठेवतात. ते त्यानेच परत येऊन सुलटं करायचं. मी मदतीला हात घातला तर बोटांवर चमचा बसला.

८ फेब्रुवारी
अर्नुल्फोइतका सावध माणूस पाहिला नाही. वर येताना टप्प्याटप्प्यावर दोर धरून थांबतो, अंगात मुरलेली हवा निवळू देतो, नाहीतर ती सांध्यांत अडकून पाय जातात. म्हातारीसारखा जिना चढतोस, असं मी चिडवलं. तो म्हणाला, "घाई करणारे लवकर पोचतात रे, फक्त कुठे ते विचारू नकोस."
होडीवाला सिस्को वरून लोखंडी शिडीवर पाना ठोकतो. तीन ठोके म्हणजे वर या. नानायही जेवायला बोलावताना जिन्याच्या खांबावर चमच्याने तसंच ठोकते.

१४ फेब्रुवारी
पेन धरवत नाही, तरी लिहितो. काल अडकलेला नांगर सोडवायला पुन्हा खोल गेलो. चष्म्यात पाणी शिरलं, घाबरलो आणि कुठेही न थांबता सरळ वर सुटलो. होडीत गुडघे पेटले. लाजेपोटी म्हणालो, जरा दमलोय. मग पायच गेले.
शहर लांब, समुद्र खवळलेला. सिस्को म्हणाला, पाण्याने धरलंय, पाणीच सोडवेल. परत खाली न्या. इथे पूर्वापार असंच करतात. अर्नुल्फोने मला हवेची भरलेली टाकी बांधली, स्वतः अर्ध्या टाकीवरच मला कमरेला धरून खाली नेलं. खाली दुखणं पार निघून गेलं, पाय हलू लागले. पण त्याची टाकी संपत आली. त्याने खूण केली: मी वर जातो, तू इथेच थांब.
मी त्याचा कमरेचा पट्टा धरून ठेवला. एकटं राहायची भीती वाटली. तो माझी बोटं उलगडत राहिला. शेवटी माझ्या नळीतून एक श्वास मागितला. तोही मी दिला नाही. मग त्याचे हात थांबले, माझी मूठ सुटली आणि तो खाली गेला.
वर आल्यावर सिस्कोला सांगितलं, प्रवाहात हात सुटला.

२७ फेब्रुवारी
सेबूच्या दवाखान्यात लोखंडी कोठीत दाबाखाली ठेवून प्राणवायू दिला. डॉक्टर संतापले, पुन्हा खाली नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, म्हणाले. आता काठी घेऊन चालतो. अर्नुल्फो सापडला नाही. मला न्यायला नानाय स्वतः आली. "माझ्या लेकराने जीव देऊन वाचवलंय याला. याला मीच उभा करणार." ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ मार्च
त्याचं ताट अजून पालथंच आहे. भर दुपारी नानाय खांबावर तीनदा ठोकते. शेजारणींनी समजावलं, तर म्हणते, "अर्नुल्फो कधी घाईने वर आलाय का? येईल थांबत थांबत."
आज किनाऱ्यावर, भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत एक ओला डाग दिसला. माणूस उभा राहील एवढाच.

५ मार्च
डाग आता डुकराच्या खोपटापाशी आलाय. कालपासून तिथेच. उन्हातही वाळत नाही. डुक्कर कोपऱ्यात अंग चोरून बसलंय.
नानाय माझे पाय तेलाने चोळत होती. आज सांगायचंच, असं ठरवलं होतं. तिने विचारलं, बरं वाटतंय ना रे? मी हो म्हणालो.

७ मार्च
डाग जिन्याच्या पायथ्याशी. हे टप्पे मला कळतात. असेच थांबे तो घ्यायचा — गुडघे पुन्हा पेटलेत. डॉक्टर फोनवर म्हणाले, असं कधीकधी होतं. उद्या सांगेन.

८ मार्च
मधल्या पायरीवर. नानायने बघितलं, आणि डाग सोडून बाकीचा जिना झाडला. जास्तीचा भात टाकलाय.
सकाळी माझी डावी मूठ उघडेना. उघडली तर आत ओलं मीठ —

९ मार्च
दुपार. दाराच्या आत आलाय. सांगायला तोंड उघडतो, पण हवा पुरत नाही. लिहून दाखवीन तिला —
तीन ठोके.
ताट सुलटं झालंय. कुणी हात लावला नाही, मी बघत होतो —
नानाय भात वाढतेय. माझ्याकडे न बघता म्हणतेय, "आता तरी त्याचा पट्टा सोड रे. जेवू दे त्याला."
पट्ट्याचं मी कुणालाच — कधीच —
डाव्या मुठीत काहीतरी ओलं आहे. सुटत नाही — कुणीतरी माझी बोटं एकेक करून —
नानाय, मीच —