मैनाचा गरम पाय
जानेफळ, रविवार संध्याकाळ

चिडचिड जातच नाही. सुभाषभाऊंची शर्यतीची घोडी मैना आज सरावात पडली. पुढचा डावा पाय मोडून हाड बाहेर आलं होतं. वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मलाच शेवटचं इंजेक्शन द्यावं लागलं. जनावरांची डॉक्टर झाले ती यासाठी?

आणि जमलेले सगळे म्हणतात काय, तर "नजर लागली हो ताई!"

कसली नजर? परवा मीच त्या पायावर हात ठेवला होता. गरम लागला, नळीच्या हाडावर सूज होती. म्हटलं, "हाडाला आतून तडा असेल, महिनाभर पळवू नका." तर भाऊंनी दुकानातून दुखण्याचं इंजेक्शन आणून टोचलं आणि दगडासारख्या कडक जमिनीवर पळवली. दुखणं थांबलं, तडा तसाच. मग ती बिचारी कशाला थांबेल? पाय गरम होता! हात लावला तरी कळलं असतं.

"सुजला व्हता, पण पळत व्हती ना चांगली," भाऊ म्हणाले, आणि तिथंच मातीत बसून रडायला लागले. रागावताही येईना.

आत्ता त्यांचा फोन. "ताई, दुसऱ्या घोड्यालेही तेच इंजेक्शन देल्लं. सकाळी पळवू का त्याले?"

मी ओरडलेच, "मले काऊन विचारता? पळवा ना!"

मग हळूच म्हणाले, "पळवायचं असतं तं विचारलं असतं का? पाय पाहायले येता?"

निघतेय. डोकं तापलेलंच आहे, पण या वेळी आधी विचारलं तरी.