कडेच्या अळंब्या

२ सप्टेंबर
हरलो. दुसरा गोल माझ्यामुळे — शब्दांचा खेळ कशाला करायचा! चेंडू डावीकडून आला, तो खांबापाशी पोचल्यावरच मला दिसला. ऑगस्टमध्ये त्या आडदांड स्ट्रायकरचा गुडघा डोक्यात बसला, तेव्हापासूनचं हे. जाईल आपोआप.

बसमध्ये ओताकर — आम्हा गोलरक्षकांचे प्रशिक्षक — म्हणाले, "लुबोश, झोप लागली होती का रे?" मी म्हटलं, उन्हाची तिरीप आली. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

६ सप्टेंबर
सराव. कामिल बावीस वर्षांचा, माझ्या जागेवर डोळा ठेवून आहे. पोरगा वाईट नाही, म्हणून तर जास्त राग येतो. मी छत्तीसचा. प्रागला दोन वर्षं बाकावर काढली, बाकी सगळं आयुष्य याच गावच्या दोन खांबांमध्ये. दुसरं काही मला येत नाही.

११ सप्टेंबर
बायकोचा, ब्लांकाचा, आवडता कप पाडला. कोपराजवळच होता. ती केरसुणी घेऊन आली.

१५ सप्टेंबर
अळंब्या उगवल्यात म्हटल्यावर अर्धं गाव जंगलात. बाबा सकाळीच टोपली घेऊन दारात. एरवी जंगलात बाबा कायम पुढे. चांगल्या अळंब्या त्यांच्या, मागून उरल्यासुरल्या आमच्या. आज म्हणाले, "तू हो पुढे. माझे गुडघे दुखतायत."

घरी येऊन टोपल्या टेबलावर ओतल्या. माझ्या टोपलीचा तळसुद्धा झाकला नव्हता. त्यांची भरून वाहत होती.

"गुडघे दुखतात म्हणे," मी हसलो.

ते हसले नाहीत. चाकूनं एकेक अळंबी साफ करत राहिले. मग म्हणाले, "या सगळ्या तुझ्या वाटेच्या कडेला होत्या. काही तर तुझ्या बुटापासून हातभरावर."

"लक्ष नव्हतं."

"तुझी आईपण हेच म्हणायची."

आई. उंबऱ्याला अडखळणारी, शेवटी शेवटी भिंत चाचपत चालणारी. आम्ही भावंडं तिला वेंधळी म्हणून चिडवायचो.

"हे त्या स्ट्रायकरच्या गुडघ्याचं नाही, पोरा. डॉक्टरकडे जा." मी बाबांना नको नको ते बोललो. अंड्यात परतलेल्या अळंब्या ताटात गार झाल्या. कोणी खाल्ल्या नाहीत.

२२ सप्टेंबर
तीन गोल खाल्ले. तिन्ही कडेनं. कठड्यामागून कोणीतरी ओरडलं, "आंधळ्या, घरी जा!" सतरा वर्षं हेच ऐकत आलोय, कधी काही वाटलं नाही. आज वळून बघितलं.

३० सप्टेंबर
बाबांबरोबर ब्रनोला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बाई शांतपणे बोलल्या: आईकडून आलंय. अंधार कडेनं आत सरकत येणार, हळूहळू. औषध नाही. मी विचारलं, निदान मोसम संपेपर्यंत? त्यांनी नकारार्थी मान हलवली.

निघताना म्हणाल्या, "मूल आहे?"

"मुलगी. नऊ वर्षांची."

"तिलाही आणा एकदा. असेलच असं नाही."

परतताना गाडीत बाबांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. मला रडू आलं.

५ ऑक्टोबर
ओताकरांना सांगून टाकलं. "इतके दिवस गप्प का बसलास रे गाढवा?" म्हणाले, आणि पाठ फिरवून जाळी आवरत बसले. जाळी आवरलेलीच होती.

माझे हातमोजे लेकीनं, आगातानं, मागून घेतले. मुलींच्या संघात तीही गोलमध्येच उभी राहते. मोजे तिच्या पार कोपरापर्यंत. "पप्पा, आता तुमच्या जागी मी!" ब्लांका उठून बाहेर गेली. आगाताच्या तपासणीची तारीख नोव्हेंबरातली मिळाली आहे. तोवर मला थांबवत नाही.

१३ ऑक्टोबर
आगाताला जंगलात नेलं. म्हटलं, तू हो पुढे, माझे गुडघे दुखतायत. ती गाणं म्हणत चालली होती. मी मागून मान वळवून वळवून तिच्या वाटेच्या दोन्ही कडा बघत होतो.

माझी टोपली भरली.